न भरणाऱ्या जखमेमागची शीर

शिरांच्या बिघाडामुळे होणारी जुनाट जखम बहुधा एकाच जागी असते : घोट्याच्या आतल्या बाजूला, हाडाच्या उंचवट्याच्या थोडे वर. तिथली कातडी आधी तपकिरी पडते, खाजू लागते, मग कडक होते. पायाला खाटेचा कोपरा लागणे किंवा खाजवताना नख लागणे एवढे निमित्त पुरते आणि जखम उघडते. ती फारशी खोल नसते, पण पसरट असते. तिच्यातून सतत पाणी झिरपते. महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे ती भरत नाही आणि भरली तरी पुन्हा फुटते. पाश्चात्त्य देशांत पायाच्या खालच्या भागातील जुनाट जखमांपैकी निम्म्याहून अधिक जखमा या प्रकारच्या असतात. भारतात मधुमेह, कुष्ठरोग, हत्तीरोग आणि धमन्यांचे विकार यांमुळे होणाऱ्या जखमाही पुष्कळ दिसतात, म्हणून निदान करताना त्या वेगळ्या काढाव्या लागतात.

पायातले अशुद्ध रक्त दोन मार्गांनी वर जाते. कातडीखाली वरवरच्या शिरा असतात आणि स्नायूंच्या आत खोल शिरा. या दोहोंना जोडणाऱ्या लहान शिरा, म्हणजे जोडशिरा, जागोजागी असतात. सर्व शिरांमध्ये नाजूक झडपा असून त्या रक्ताला वरच्या दिशेने आणि बाहेरून आत जाऊ देतात, उलट येऊ देत नाहीत. माणूस चालतो तेव्हा पोटरीचे स्नायू आवळतात आणि खोल शिरांतले रक्त वर ढकलले जाते. निश्चल उभ्या माणसाच्या घोट्याजवळ शिरेतला दाब पाऱ्याच्या ८० ते ९० मिलिमीटरच्या आसपास असतो. चालू लागल्यावर तो ३० मिलिमीटरपर्यंत किंवा त्याहूनही खाली उतरतो. झडपा निकामी झाल्या, किंवा रक्ताच्या गुठळीने खोल शीर अडली, की चालतानाही हा दाब उतरत नाही. दिवसभर चढलेल्या दाबाखाली सूक्ष्म रक्तवाहिन्यांतून द्रव आणि रक्तपेशी ऊतींत झिरपतात, त्यांतल्या लोहाने कातडी काळवंडते, दाहाने ती घट्ट होते आणि अखेर मरते. म्हणजे जखम दिसते घोट्यापाशी, पण आजार असतो तिच्या वर, कधी पोटरीत, कधी थेट जांघेत.

ही गोष्ट वैद्यकाच्या ध्यानात यायला फार काळ लागला. आधी जखमेवर खिळलेली सर्जनांची नजर क्रमाने फुगलेल्या शिरेकडे, तिच्या उगमाकडे, जोडशिरांकडे आणि अखेर खोल शिरांतल्या झडपांकडे वळत गेली. शस्त्रक्रियेचा सारा इतिहास याच शोधाभोवती घडला आहे.

प्राचीन काळातील उपाय

इ. स. पू. १५५० च्या सुमाराच्या इजिप्तमधील एबर्स पपायरसमध्ये पायावरील नागमोडी फुगवट्यांचा उल्लेख असून त्यांवर शस्त्र चालवू नये, असा इशारा आहे. रक्तस्राव आवरण्याची साधने अपुरी होती तेव्हा हा इशारा शहाणपणाचाच होता. अथेन्समध्ये अक्रोपोलिसच्या पायथ्याशी अमायनॉस या वैद्य-वीराच्या देवस्थानात इ. स. पू. चौथ्या शतकातील एक नवसाचा शिलापट सापडला आहे. त्यावर एका पुरुषाने दोन्ही हातांनी धरलेला भलामोठा पाय कोरलेला असून त्या पायावर एक फुगलेली शीर स्पष्ट दिसते. फुगलेल्या शिरेचे हे सर्वांत जुन्या ज्ञात चित्रणांपैकी एक आहे.

हिप्पोक्रेटिसच्या परंपरेतील ग्रंथात पायाला जखम असेल तर उभे राहू नये, असा सल्ला आहे. फुगलेल्या शिरेला मोठा छेद देऊ नये, कारण त्यातून मोठी जखम होते. त्याऐवजी तिला जागोजागी टोचावे, असेही त्यात सुचवले आहे. म्हणजे शीर आणि जखम यांचा काही संबंध आहे, हे निरीक्षण झाले होते. कारण मात्र कळले नव्हते.

भारतात सुश्रुतसंहितेने जखमेच्या उपचाराचा सविस्तर विचार केला आहे. चिकित्सास्थानाच्या आरंभीच व्रणाचे ६० उपक्रम सांगितले आहेत. त्यांत जखम खरवडून साफ करणे, दूषित रक्त काढणे, लेप आणि बंध यांचा समावेश आहे. सूत्रस्थानात पट्टी बांधण्याचे १४ प्रकार दिले असून शरीराच्या कोणत्या भागाला कोणता बंध शोभतो आणि तो किती घट्ट असावा, याचाही विचार केला आहे. रक्ताभिसरणाची आजची कल्पना तेव्हा नव्हती, पण भरणारी जखम आणि चिघळत राहणारी दुष्ट जखम यांतला भेद या संहितेने नेमका टिपला आहे.

रोममध्ये पहिल्या शतकात सेल्ससने फुगलेल्या शिरांसाठी दोन मार्ग लिहून ठेवले : डाग देणे किंवा कापून काढणे. शीर काढताना चार-चार बोटांच्या अंतरावर छेद द्यावेत, बोथट आकड्याने ती उचलावी आणि तुकड्या-तुकड्याने काढावी, अशी त्याची रीत होती. वेदनाशमनाशिवाय हे सोसणे किती कठीण होते, ते प्लुटार्कने लिहिलेल्या गाइयस मारियसच्या चरित्रात दिसते. या रोमन सेनानीने स्वतःला बांधू न देता एका पायाच्या शिरा कापून घेतल्या. वैद्य दुसऱ्या पायाकडे वळला तेव्हा मात्र त्याने नकार दिला, कारण होणारा फायदा त्या वेदनेच्या मोलाचा नव्हता, असे त्याला वाटले.

सातव्या शतकात पॉल ऑफ एजिना याने जी पद्धत दिली, ती आजच्या सर्जनलाही ओळखीची वाटेल. तो रुग्णाच्या मांडीला वर बंध आवळून त्याला चालायला लावी. शीर फुगून वर आली की शाईने तिच्यावर खूण करी. मग रुग्णाला आडवे करून, खुणेवर छेद देऊन, शीर मोकळी करून बांधून टाकी. शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाला उभे करून शिरेवर खूण करण्याची ही सवय सर्जनांनी आजही सोडलेली नाही. दहाव्या शतकात कॉर्दोबाच्या परिसरातील अल-झहरावी याने शीर काढण्याच्या क्रियेची हत्यारांसह नोंद केली.

जखम भरू द्यावी की नाही?

या साऱ्या कौशल्याच्या आड एक समजूत येत होती. प्राचीन ग्रीक वैद्य गेलन याच्या मते शरीरातील दूषित दोष, विशेषतः काळे पित्त, पायाकडे उतरते आणि जखमेतून बाहेर पडते. ही वाट बंद केली तर दोष आत साठून माणसाला वेड लागेल किंवा दुसरा जीवघेणा आजार होईल, अशी भीती होती. इब्न सिनाच्या वैद्यकातही म्हातारपणातली अशी जखम न भरलेली बरी, असा विचार आढळतो. या समजुतीचा पगडा युरोपात अठराव्या शतकापर्यंत टिकला. त्यामुळे असंख्य रुग्णांच्या जखमा जाणूनबुजून वाहत्या ठेवल्या गेल्या.

या पार्श्वभूमीवर फ्रेंच सर्जन आंब्रुआझ पारे याची कामगिरी उठून दिसते. १५५३ मध्ये एदॅंचा किल्ला पडला तेव्हा पारे सम्राट पाचव्या चार्ल्सच्या सैन्याच्या हाती लागला. ग्राव्हलीनचा सुभेदार वोदव्हील याच्या पायाला सहा-सात वर्षांची जुनी जखम होती. ती बरी केलीस तर खंडणी न घेता सोडीन, असे त्याने पारेला सांगितले. पारेने त्याला अंथरुणाला खिळवून ठेवले आणि पावलापासून गुडघ्यापर्यंत पट्टी आवळून बांधली. जखम भरली आणि पारेची सुटका झाली. खालून वर चढणारी घट्ट पट्टी हा उपाय आजही प्रमाण आहे. पारेने मांडीतली शीर बांधण्याची क्रियाही केली होती.

झडपांचा शोध

१६०३ मध्ये पादुआ विद्यापीठातील फाब्रिसियस याने शिरांतील झडपांवरील आपला सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला. झडपा त्याने पाहिल्या, पण रक्त खाली फार वेगाने जाऊ नये म्हणून त्या असाव्यात, असे त्याला वाटले. त्याचाच शिष्य विल्यम हार्वी याने १६२८ मध्ये रक्ताभिसरण सिद्ध केले आणि झडपांचा खरा अर्थ उलगडला : शिरांतून रक्त फक्त हृदयाकडे जाते.

हा शोध रुग्णाच्या पायापर्यंत आणणारा सर्जन म्हणजे इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याचा शल्यवैद्य रिचर्ड वाइजमन. १६७६ च्या आपल्या ग्रंथात त्याने फुगलेली शीर आणि घोट्याजवळची जखम यांचा कार्यकारणभाव मांडला. शीर रुंदावली की झडपेच्या पाकळ्या एकमेकींपर्यंत पोचत नाहीत आणि रक्त मागे येते, हे त्याने ओळखले होते. उपचार म्हणून त्याने कुत्र्याच्या कमावलेल्या कातड्याचा, नाडीने आवळता येणारा मोजा वापरला. आजच्या दाबमोज्याचे मूळ इथे आहे.

अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमधील रुग्णालयांत अशा जखमांचे रुग्ण मोठ्या संख्येने येत. ते बहुतेक गरीब, उभ्याने कष्ट करणारे असत. महिनोन्‌महिने खाट अडवणारा आणि बरा न होणारा हा रुग्ण नामांकित सर्जनांना नकोसा वाटे. ब्रिस्टलच्या टॉमस बेंटन याने मात्र त्याच्याकडे लक्ष दिले. १७९७ मध्ये त्याने चिकटपट्टीच्या अरुंद पट्ट्या पायाभोवती एकावर एक थोड्या सरकवत लावण्याची पद्धत प्रसिद्ध केली. या पद्धतीत रुग्ण अंथरुणात न पडता कामावर जाऊ शके, आणि हातावर पोट असलेल्या माणसाला हेच सर्वांत महत्त्वाचे होते.

त्याच सुमारास लंडनच्या एव्हरर्ड होम याने गुडघ्याजवळ मोठी सॅफिनस शीर बांधायला सुरुवात केली. ही शीर घोट्याच्या पुढून निघून पायाच्या आतल्या अंगाने जांघेपर्यंत जाते. कल्पना योग्य दिशेची होती. पण जंतूंची माहिती नसलेल्या काळात हे धाडस महागात पडले. शीर बांधल्यावर तिचा दाह होऊन, पू पसरून अनेक रुग्ण दगावले. बेंजामिन ब्रोडीनेही कातडीखालून शीर छेदण्याची क्रिया करून पाहिली आणि पुढे सोडून दिली. त्याचे टिकाऊ योगदान निदानात आहे. १८४६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत त्याने दाखवले की, वरच्या बाजूला शीर दाबून धरली तर उभे राहिल्यावरही खालच्या शिरा फुगत नाहीत. बोट उचलताच रक्त वरून खाली धावते.

ट्रेंडेलेनबुर्ग आणि एका शिरेची गाठ

१८४६ मध्ये ईथरने भूल देता येऊ लागली आणि १८६७ मध्ये लिस्टरने जंतुनाशक शस्त्रक्रियेची पद्धत मांडली. या दोन गोष्टींनी सर्जनचे हात मोकळे केले. त्याच दशकात लंडनच्या जॉन गे याने शवविच्छेदनांच्या आधारे एक मोलाची बाब पुढे आणली : वरवरच्या शिरा अजिबात फुगलेल्या नसतानाही ही जखम होऊ शकते, आणि अशा रुग्णांच्या खोल शिरांत जुन्या गुठळ्यांच्या खुणा सापडतात. त्याने जोडशिरांचेही वर्णन केले. हे निरीक्षण काळाच्या इतके पुढे होते की त्याचा उपयोग व्हायला अर्धे शतक गेले.

जखमेवर थेट करण्याच्या शस्त्रक्रियेतही भर पडली. १८६९ मध्ये पॅरिसमध्ये जाक-लुई रेव्हर्दॅं याने कातडीचे बारीक कण जखमेवर ठेवून ती भरता येते हे दाखवले. १८७४ मध्ये जर्मनीच्या कार्ल टिअर्श याने कातडीचे पातळ, रुंद पापुद्रे वापरले. त्वचारोपणाने मोठ्या जखमा झाकता येऊ लागल्या. मात्र शिरेतला दाब तसाच राहिल्याने नवी कातडीही काही काळाने फुटे.

१८९१ मध्ये जर्मन सर्जन फ्रीडरिख ट्रेंडेलेनबुर्ग याचा निबंध प्रसिद्ध झाला आणि या शस्त्रक्रियेचे आधुनिक पर्व सुरू झाले. त्याची तपासणी साधी होती. रुग्णाला आडवे करून पाय उंच धरायचा, शिरा रिकाम्या करायच्या, मांडीत सॅफिनस शिरेवर बोट दाबून ठेवायचे आणि रुग्णाला उभे करायचे. बोट असेपर्यंत पाय सपाट राहतो. बोट काढताच शीर वरून झपाट्याने भरते. असे झाले तर दोष वरच्या झडपांत आहे हे सिद्ध होते. मग मांडीत छोटा छेद देऊन तो शीर दोन ठिकाणी बांधी आणि मध्ये कापी. आपल्या रुग्णांच्या चिघळलेल्या जखमा त्यानंतर भरताना त्याने पाहिल्या.

त्याचा शिष्य गेऑर्ग पेर्टेस याने १८९५ मध्ये या शस्त्रक्रियेच्या निकालांचा आढावा घेतला. मांडीला बंध बांधून चालल्यावर शिरा रिकाम्या झाल्या तर खोल शिरा मोकळ्या आहेत, अशी त्याची तपासणी आजही पाठ्यपुस्तकांत त्याच्या नावाने आहे. ट्रेंडेलेनबुर्गची गाठ जांघेच्या बरीच खाली पडत असे आणि वरच्या फांद्यांतून रक्त पुन्हा वाट काढी. १८९६ मध्ये मेलबर्नच्या विल्यम मूर याने जांघेत, सॅफिनस शीर खोल शिरेला मिळते अगदी त्या ठिकाणी ती बांधण्याचा आग्रह धरला. पुढे तोच नियम झाला.

याच काळात काही सर्जन टोकाला गेले. ओटो माडेलुंग याने पायभर लांब छेद देऊन पूर्ण शीर काढली. १९०८ च्या सुमारास तर पायाभोवती सर्पिल वळणे घेत जाणारा खोल छेद देऊन तो उघडाच भरू देण्याची पद्धत निघाली. वाटेतल्या सर्व शिरा तुटत हे खरे, पण पायावर जन्माचे खोल चर आणि सूज उरे. अशा शस्त्रक्रिया लवकरच बंद पडल्या.

शीर ओढून काढण्याची पद्धत

शीर काढायची, पण पायभर चिरायचे नाही, हा प्रश्न अमेरिकेत तीन वर्षांत तिघांनी तीन प्रकारे सोडवला. १९०५ मध्ये विल्यम केलर याने शिरेच्या आतून तार घालून, टोक बांधून, शीर उलटी करत ओढून काढली. १९०६ मध्ये चार्ल्स मेयो याने लांब दांड्याच्या कड्यात शीर ओवली आणि कडे बाहेरून पुढे सरकवत ती मोकळी केली. १९०७ मध्ये फिलाडेल्फियाच्या वेन बॅबकॉक याने टोकाला बोंड असलेली लवचीक सळई वापरली. घोट्यापाशी छोटा छेद देऊन सळई शिरेत सरकवायची, ती जांघेत बाहेर काढायची, शीर बोंडावर बांधायची आणि ओढायची. संपूर्ण शीर गोळा होत बाहेर येते. थोड्याफार फरकाने हीच पद्धत पुढील नव्वद वर्षे जगभर चालली. ओढताना घोट्याजवळची मज्जातंतूची शाखा दुखावते असे आढळल्यावर शीर गुडघ्याच्या थोडे खाली इतपतच काढण्याचा प्रघात पडला.

दरम्यान, शीर आतून बंद करण्याचाही प्रयत्न चालू होता. १८५३ मध्ये ल्योंच्या शार्ल प्राव्हाझ याने पिचकारीने रक्तवाहिनीत लोहाचा क्षार टोचून रक्त गोठवता येते हे दाखवले. सुरुवातीची द्रव्ये दाहक आणि धोक्याची होती. १९४० च्या दशकात सोडियम टेट्राडेसिल सल्फेट आल्यावर ही पद्धत सुरक्षित झाली. डब्लिनच्या जॉर्ज फेगन याने १९६० च्या दशकात रिकाम्या शिरेत इंजेक्शन देऊन लगेच घट्ट पट्टी बांधण्याची रीत रूढ केली.

होमन्स, लिंटन आणि जोडशिरा

बॉस्टनच्या जॉन होमन्स याने १९१६ आणि १९१७ मध्ये लिहिलेल्या दोन निबंधांनी विषयाला शिस्त आणली. त्याने जखमांचे दोन गट केले. पहिल्या गटात दोष फक्त वरवरच्या शिरांत असतो. त्या काढल्या की जखम भरते. दुसऱ्या गटात पूर्वी खोल शिरेत गुठळी होऊन गेलेली असते. तिथे फक्त वरवरच्या शिरा काढून भागत नाही. अशा वेळी तो जखम, तिच्याभोवतीची कडक कातडी आणि खालचे आवरण एकत्र कापून काढी व त्वचारोपण करी. जॉन गेचे निरीक्षण इथे प्रथम उपचाराला आधार झाले.

होमन्सनंतर बॉस्टनच्याच रॉबर्ट लिंटनने जोडशिरांकडे मोर्चा वळवला. घोट्याच्या वर आतल्या बाजूला या शिरा कातडीला सरळ भिडतात. त्यांच्या झडपा बिघडल्या की पोटरी आवळताना खोल शिरेतले रक्त जोराने कातडीवर आदळते. म्हणून जखम नेमकी तिथे होते, असा तर्क होता. १९३८ मध्ये त्याने पोटरीच्या आतल्या बाजूने लांब छेद देऊन, स्नायूंवरील आवरणाखाली जाऊन या सर्व शिरा बांधण्याची शस्त्रक्रिया वर्णन केली. लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयात फ्रँक कॉकेट याने १९५३ मध्ये याच शिरांचा नकाशा नीट मांडला. घोट्यावरच्या तीन प्रमुख जोडशिरा आजही त्याच्या नावाने ओळखल्या जातात.

लिंटनच्या शस्त्रक्रियेची अडचण उघड होती : तिचा छेद आजारी कातडीतूनच जाई, आणि ती कातडी जुळून यायला तयार नसे. रुग्ण एका जखमेसाठी येई आणि दोन घेऊन जाई. म्हणून १९८५ मध्ये जर्मनीच्या गेरहार्ड हाउअर याने पोटरीच्या वरच्या, निरोगी भागातून दुर्बीण घालून आवरणाखालच्या शिरा बंद करण्याची पद्धत आणली. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डच चाचणीत दोन्ही पद्धतींची तुलना झाली. उघड्या शस्त्रक्रियेत ५३ टक्के रुग्णांच्या छेदात जंतुसंसर्ग झाला, दुर्बिणीच्या गटात एकालाही नाही. तो निकाल हाती येताच चाचणी मध्येच थांबवण्यात आली.

जोडशिरा बांधल्याने जखम खरोखर टळते का, हा प्रश्न मात्र शिल्लकच होता. लंडनमध्ये १९७६ साली झालेल्या एका पाहणीने त्यावर प्रकाश टाकला. जोडशिरा बांधलेल्यांपैकी ज्यांच्या खोल शिरा निरोगी होत्या, त्यांतल्या फक्त ६ टक्के रुग्णांची जखम परत आली. ज्यांच्या खोल शिरांत जुन्या गुठळीची हानी होती, त्या सर्वांची जखम पाच वर्षांत पुन्हा उघडली. त्यानंतर खोल शिरांकडे दुर्लक्ष करणे शक्य राहिले नाही.

खोल शिरांची दुरुस्ती

खोल शिरा प्रत्यक्ष दाखवण्याचे काम स्वीडनच्या गुन्नार बाउअर याने १९४० च्या दशकात क्ष-किरण चित्रणाने केले. उलटे वाहणारे रक्त अडवण्यासाठी त्याने गुडघ्यामागची खोल शीरच बांधून पाहिली. सुरुवातीला वेदना व सूज कमी झाली, पण निकाल टिकले नाहीत.

अडलेल्या शिरेला पर्याय देण्याचा मान उरुग्वेच्या मोंतेविदेओ शहरातील एदुआर्दो पाल्मा याला जातो. एका बाजूची जांघेच्या वरची खोल शीर बुजली असेल तर निरोगी पायाची सॅफिनस शीर ओटीपोटाच्या कातडीखालून आजारी बाजूला नेऊन जोडायची, ही त्याची शस्त्रक्रिया १९५० च्या दशकाअखेर पुढे आली आणि आजही त्याच्या नावाने ओळखली जाते.

बिघडलेली झडप दुरुस्त करण्याचे पहिले यशस्वी काम १९६८ मध्ये होनोलुलु येथे रॉबर्ट किस्टनर याने केले. मांडीतली खोल शीर उघडून, सैल पडलेल्या झडपेच्या पाकळ्यांच्या कडा केसासारख्या बारीक दोऱ्याने त्याने शिरेच्या भिंतीला ताणून शिवल्या. पाकळ्या पुन्हा एकमेकींना भिडू लागल्या आणि रक्त खाली येणे थांबले. १९८० च्या दशकात सय्यद ताहेरी याने दंडातील झडप असलेला शिरेचा तुकडा पायात बसवला. गुठळीने झडपा पूर्ण नष्ट झालेल्या रुग्णांसाठी इटलीच्या ऑस्कर मालेती याने शिरेच्या जाड झालेल्या भिंतीतूनच नवी पाकळी कोरली. ही सर्व कामे अत्यंत नाजूक असून ती मोजक्याच केंद्रांत आणि निवडक रुग्णांवर होतात. ओटीपोटातील शीर दबलेली वा बुजलेली असेल तर तिच्यात धातूची जाळी, म्हणजे स्टेंट, बसवण्याची पद्धत गेल्या तीन दशकांत मोठ्या उघड्या शस्त्रक्रियेची जागा घेऊ लागली आहे.

पट्टीचे पुनरागमन आणि चाचण्यांचा काळ

शस्त्रक्रियांची ही चढाओढ चालू असताना पट्टी मागे पडली नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हॅम्बुर्गच्या पाउल उना याने झिंक ऑक्साइडचा लेप भरलेली, सुकल्यावर घट्ट होणारी पट्टी रूढ केली. विसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेतील ओहायो राज्यात राहणाऱ्या कॉनराड जोब्स्ट या अभियंत्याने घोट्याशी सर्वाधिक आणि वर कमी होत जाणारा दाब देणारा लवचीक मोजा तयार केला. तो स्वतः याच आजाराने त्रस्त होता आणि जलतरण तलावात उभे असताना पायाला आराम पडतो, हे त्याच्या ध्यानात आले होते. १९८८ मध्ये लंडनच्या चेअरिंग क्रॉस रुग्णालयाने चार थरांची पट्टी प्रसिद्ध केली : कापसाचा थर, साधी क्रेप, लवचीक पट्टी आणि वरून स्वतःला चिकटणारी पट्टी. घोट्याशी पाऱ्याच्या ४० मिलिमीटरच्या आसपास दाब देणाऱ्या या पट्टीने १४८ पायांपैकी ७४ टक्के पायांवरील जखमा १२ आठवड्यांत भरल्या.

मग शस्त्रक्रियेची गरज कुठे उरते? याचे उत्तर ब्रिटनमधील एस्कार चाचणीने दिले. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत ५०० रुग्णांपैकी निम्म्यांना केवळ दाबपट्टी आणि निम्म्यांना दाबपट्टीसह वरवरच्या शिरांची शस्त्रक्रिया देण्यात आली. २४ आठवड्यांत दोन्ही गटांतील ६५ टक्के जखमा भरल्या. भरण्याच्या बाबतीत शस्त्रक्रियेने काही भर घातली नाही. पण एका वर्षात जखम परत येण्याचे प्रमाण केवळ पट्टीच्या गटात २८ टक्के होते, शस्त्रक्रियेच्या गटात १२ टक्के. चार वर्षांनी ते अनुक्रमे ५६ आणि ३१ टक्के झाले. पट्टी जखम भरते आणि शस्त्रक्रिया ती परत येण्याचे प्रमाण कमी करते, हे यातून स्पष्ट झाले.

तोवर शस्त्रक्रियेचे स्वरूपही पालटले होते. डुप्लेक्स सोनोग्राफीमुळे शिरेतला उलटा प्रवाह पडद्यावर पाहता येऊ लागला. १९९० च्या दशकाअखेर रेडिओलहरी आणि लेझर यांनी शीर आतून भाजून बंद करण्याच्या पद्धती आल्या. सोनोग्राफीच्या मदतीने गुडघ्यापाशी सुईने शिरेत नळी घालतात आणि ती जांघेजवळ नेतात. शिरेभोवती बधिर करणारे पातळ द्रावण भरतात. त्याने वेदना थांबतात आणि आसपासच्या ऊतींना झळ लागत नाही. रेडिओलहरींच्या प्रचलित नळीचे सात सेंटिमीटर लांबीचे टोक १२० अंश सेल्सिअसपर्यंत तापते. दर टप्प्याला २० सेकंद देत नळी मागे घेत आणतात. शीर आक्रसून बंद होते. रुग्ण त्याच दिवशी चालत घरी जातो. इटलीच्या लोरेंझो तेस्सारी याने २००० च्या सुमारास दोन सिरिंज आणि एक तीनमार्गी तोटी यांनी औषधाचा फेस बनवण्याची सोपी युक्ती दाखवली. त्यामुळे भुलीचा धोका पत्करू न शकणाऱ्या वृद्धांनाही उपचार मिळू लागले.

हे सोपे झाल्यावर शस्त्रक्रिया जखम भरल्यानंतर करावी की आधीच, हा प्रश्न २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एव्हरा चाचणीने हाती घेतला. ब्रिटनमधील २० केंद्रांतील ४५० रुग्णांपैकी एका गटाची शीर दोन आठवड्यांच्या आत बंद करण्यात आली, दुसऱ्या गटात जखम भरेपर्यंत किंवा सहा महिने थांबण्यात आले. दोन्ही गटांना दाबपट्टी होतीच. लवकर उपचार केलेल्यांची जखम भरायला लागलेल्या काळाचा मध्यक ५६ दिवस होता, थांबलेल्यांचा ८२. एस्कारमध्ये दिसला नव्हता तो फरक इथे दिसला, बहुधा उपचार हलका आणि लवकर झाला म्हणून.

आजची उपचारपद्धती

या इतिहासातून आजचा क्रम तयार झाला आहे. प्रथम पायातील नाडी आणि घोटा-दंड रक्तदाबाचे गुणोत्तर तपासतात. ते ०.८ पेक्षा कमी असेल तर धमन्यांचा आजार असू शकतो आणि घट्ट पट्टीने पाय गमावण्याचा धोका असतो. नंतर डुप्लेक्स तपासणीने कोणती शीर कुठे बिघडली आहे ते ठरवतात. दाबपट्टी लगेच सुरू होते. वरवरची शीर दोषी असेल तर ती जखम भरण्याची वाट न पाहता बंद करतात. जखमेखालची बिघडलेली जोडशीर गरजेनुसार सोनोग्राफीखाली बंद करतात. ओटीपोटातील शीर अडलेली असेल तर स्टेंटचा विचार होतो. खोल शिरेतील झडपेची दुरुस्ती बाकी उपाय थकल्यावर करतात. जखम फार मोठी किंवा जुनी असेल, तर जर्मनीच्या विल्फ्रिड श्मेलर याने १९९० च्या दशकात रूढ केलेल्या पद्धतीने जखमेसह कडक झालेला थर तासून काढून त्यावर जाळीदार त्वचारोपण करतात. भरलेल्या जखमेनंतरही दाबमोजा वापरावा लागतो, कारण झडपांचा आजार आयुष्यभराचा असतो.

केवळ मलम आणि ड्रेसिंग यांवर वर्षे काढणाऱ्या रुग्णासाठी या साऱ्या संशोधनाचा निष्कर्ष सरळ आहे. घोट्याजवळची जखम दोन आठवड्यांत भरू लागली नाही, तर तिच्या वरच्या शिरांची तपासणी झालीच पाहिजे. दोष लवकर सापडला तर सुईच्या छेदाने होणारी शस्त्रक्रिया पुरते, आणि जखम पुन्हा उघडण्याची शक्यता निम्म्याच्या आसपास येते.